अकरावी सायन्सचं गणित: पहिल्या दोन महिन्यांसाठी

दहावीला बीजगणितात 40 पैकी 38 पडले म्हणून निर्धास्त राहू नकोस. माझंही तेच झालं आणि पहिल्या युनिट टेस्टमध्ये आपटलो.

तू मराठी माध्यमातला, म्हणून आधी शब्दांची वही कर. अंकगणिती श्रेढी म्हणजे ए.पी., निश्चयक म्हणजे डिटर्मिनंट, वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक. निम्मी भीती तिथेच जाते. निश्चयक दहावीत 2×2 चे होते, आता 3×3 चे येतात. चूक होते ती चिन्हांत. दहावीत वर्गसमीकरणाचा विवेचक (b² − 4ac) ऋण आला की 'वास्तव मुळे नाहीत' लिहून सुटायचो. आता खरं काम तिथून सुरू होतं, कारण संमिश्र संख्या (कॉम्प्लेक्स नंबर्स, ज्यांत ऋण संख्येचंही वर्गमूळ असतं) येतात.

सगळ्यात घाम फोडतं ते परम्युटेशन-कॉम्बिनेशन, म्हणजे किती प्रकारे क्रम लावता येतो आणि किती प्रकारे निवड करता येते ते मोजणं. सूत्रं पाठ करून काहीही होत नाही. पाच मुलांतून दोन प्रतिनिधी निवडायचे तर 10 प्रकार, पण एक मॉनिटर आणि एक उपमॉनिटर नेमायचा तर 20. का, हे घरी कोणाला तरी समजावून सांग. माझ्या आजीने ऐकून घेतलं बिचारीने! हा धडा कच्चा राहिला तर बायनॉमियल (द्विपद प्रमेय) आणि प्रॉबॅबिलिटी (संभाव्यता) दोन्ही अडतात.

गाइडमधली उत्तरं उतरवणं बंद. रोज आठ-दहा गणितं, पुस्तक मिटून. अडलं तर वीस मिनिटं झगड, मगच सरांना विचार.

आणि अकरावीचा पेपर कॉलेजच काढतं म्हणून हलक्यात घेऊ नकोस. सीईटीत, म्हणजे बारावीनंतरच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, अकरावीचेही प्रश्न असतात.