घरातल्या खोल्या पर्यटकांना द्यायच्यात, काय काय बघू?

प्रश्न : ताई, तारकर्लीजवळ आमचं घर आहे, वरच्या दोन खोल्या रिकाम्याच असतात. मे महिन्यात ॲपवरून पर्यटकांना द्यायच्यात. परवानगी लागते का? सासूबाईंना अनोळखी माणसं घरात नकोत.

उत्तर : सासूबाईंची काळजी रास्त आहे, ती आधी मिटवा. ॲपवर नाव टाकलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. आपल्या राज्यात पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे, त्यात घराची नोंदणी करा, आणि ग्रामपंचायतीत व पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारून या, फोनवर अर्धवटच कळतं. (गोव्यात तर १९८२ च्या कायद्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी सक्तीची आहे.)

रजिस्टर ठेवाच. नाव, पत्ता, मोबाईल, गाडीचा नंबर, आल्या-गेल्याची वेळ, सही, आणि ओळखपत्र एकाचं नाही तर सगळ्यांचं बघायचं, कारण बुकिंग एक करतो आणि येतात भलतेच. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत ऑनलाइन कळवावंच लागतं, तो ओळखीचा असला तरी.

विम्याची पॉलिसी काढून वाचा, बऱ्याच घरगुती पॉलिसींत धंद्यासाठी वापर बसत नाही, मग गीझरने शॉक बसला की सगळं तुमच्या अंगावर. वायरिंग तपासून घ्या, गॅस सिलिंडर खोलीत नको. आणि मागच्या दारी विहीर असेल तर पहिलं बुकिंग घ्यायच्या आधी तिच्यावर लोखंडी जाळी बसवा, शहरातल्या पोरांना कठड्यावर वाकायची भारी हौस असते.