अंतराळयानातली हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं मॉडेल करायचंय, थेट सीएफडीने, म्हणजे हवेचा प्रवाह ठिकठिकाणी मोजणाऱ्या संगणकी गणिताने सुरुवात करू का?

नको. आधी कागदावर एक चौकोन काढा आणि ती केबिन समजा.

एक माणूस दिवसाला साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे तासाला 23 लिटरच्या आसपास. 10 घनमीटरच्या केबिनमध्ये तिघं असतील आणि यंत्रणा बंद पडली, तर प्रमाण दर तासाला जवळजवळ 0.7 टक्क्याने चढतं. ते 0.5 टक्क्यावर रोखायचं तर तासाला सुमारे 14 घनमीटर हवा पूर्ण साफ होऊन परत यायला हवी. गंमत म्हणजे या 14 मध्ये केबिनचा आकार कुठेच येत नाही. केबिन मोठी असेल तर बिघाडानंतर हाताशी वेळ जास्त मिळतो, एवढंच.

खरी डोकेदुखी झिओलाइटच्या बेडमध्ये, म्हणजे वायू धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र दाण्यांच्या थरात आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या सीडीआरए या कार्बन डायऑक्साइड काढणाऱ्या यंत्रणेत चार बेड आहेत: दोन हवा कोरडी करायला, दोन कार्बन डायऑक्साइड धरायला. एक जोडी कामावर असते तेव्हा दुसरी मोकळी होत असते. हवा कोरडी करायची उठाठेव अशासाठी, की झिओलाइटला कार्बन डायऑक्साइडपेक्षा पाणी जास्त प्यारं. वाफ एकदा जागा अडवून बसली की लवकर उठत नाही. त्यामुळे वाफ वगळलेलं मॉडेल दिसायला छान, कामाला शून्य.

मी स्वतः तापमान स्थिर धरून फसलो होतो. वायू दाण्यांवर बसताना उष्णता सुटते आणि तापलेले दाणे कमी वायू धरतात. प्रयोगाच्या नळीतून कार्बन डायऑक्साइड माझ्या आलेखाच्या कितीतरी आधी बाहेर पडायचा. तापमानाचं समीकरण घातलं, तरी थोडा फरक उरलाच. अरुंद नळीत भिंतीलगत दाणे सैल बसतात आणि हवा तिथून निसटते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. एक गुणांक जरा इकडेतिकडे करून मी आलेख जुळवला. तोच गुणांक रुंद बेडला लावला आणि पितळ उघडं पडलं.

सीएफडी लागतं ते केबिनसाठी. तिथे वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे पंख्याचा झोत पोचत नसेल तर झोपलेल्या माणसाचा उच्छ्वास त्याच्या तोंडाशीच साचतो. चौकोनाचं मॉडेल तेव्हाही सरासरी ठीक आहे असंच सांगेल. म्हणून सीएफडीमध्ये प्रमाण मोजायचा बिंदू हवा परत घेणाऱ्या जाळीपाशी ठेवा आणि दुसरा झोपलेल्याच्या नाकापाशी.