कभिन्नला सकाळी उठून काय हवं असतं?

पोरी,

तुझी संहिता मिळाली. एसटीत एकदा वाचली, घरी आल्यावर पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. संवाद तुला येतात, ते वेगळं सांगायला नको. मैना आवडली, घुबड चिटणीस तर फारच आवडला. तुझा खलनायक कभिन्न मात्र पानावर उभा राहत नाही. त्याच्या लहानपणावर तू अडीच पानं खर्च केली आहेस: सावत्र आई, जळलेलं गाव, गुरूने चारचौघांत केलेला पाणउतारा. एवढं सगळं सोसलेल्या या गृहस्थाला आज सकाळी उठून नेमकं काय करायचंय, ते मात्र कुठे सापडत नाही.

आमच्या वेळच्या कार्टूनांपैकी काय बघू, असं तू फोनवर विचारलं होतंस. ‘ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ बघ. हसू नकोस. दूरदर्शनवर लागायचं तेव्हा आमच्या चाळीत गल्लीतलं क्रिकेट बंद पडायचं, पण मी ते जुन्या आठवणींसाठी सुचवत नाहीये. आज बघशील तर पहिल्या पाच मिनिटांत कंटाळशील. धावण्याची तीच चित्रं, मुठी आवळण्याची तीच, तलवार उंचावून रूप पालटण्याची तर अगदी तीच रीळं भागामागून भाग फिरवलेली. अमेरिकेतल्या फिल्मेशन या स्टुडिओने 1983 ते 1985 या काळात 130 भाग काढले. दर हंगामाला 65, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरून तेरा आठवडे. या वेगाने काम उपसायचं तर जुनी चित्रं पुन्हा वापरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यात ही सगळी मालिका मॅटेल कंपनीच्या खेळण्यांवर बेतलेली. खेळणी 1982 सालची, कार्टून नंतर आलं. मुलांना अर्ध्या तासाची जाहिरात दाखवता म्हणून तिकडे पालकांनी आरडाओरडाही केला, आणि तो काही अगदीच खोटा नव्हता.

म्हणजे पैसा कमी, वेळ कमी आणि वर खेळणी विकायची सक्ती. हाताशी राहिली ती फक्त पात्रं. म्हणून शिकायला हे कार्टून बरं.

आधी स्केलेटॉर घे. कवटीचा चेहरा, निळं अंग, जांभळी टोपडी, हातात मेंढ्याच्या कवटीची काठी. त्याला काय हवंय? ग्रेस्कलचा किल्ला. आत शिरायचं, तिथली शक्ती हस्तगत करायची आणि एटर्निया ग्रहावर राज्य करायचं. पहिल्यांदाच टीव्हीसमोर बसलेल्या सहा वर्षांच्या पोराला हे एका वाक्यात कळतं. आणि त्याचं लहानपण? या 130 भागांत त्याबद्दल जवळपास काहीच नाही. तो हॉर्डॅक नावाच्या दुसऱ्या खलनायकाचा चेला होता, हे 1985मध्ये शी-राची, म्हणजे ही-मॅनच्या जुळ्या बहिणीची, कथा आली तेव्हा उघड झालं. 2002मध्ये मालिका नव्याने केली तेव्हा त्याला केल्डॉर हे जुनं नाव मिळालं, आणि पुढे राजा झालेल्या रँडॉरवर फेकलेलं आम्ल उलटून स्वतःच्याच तोंडावर आल्याची हकीकतही मिळाली. हकीकत वाईट नाही. पण ती कळायच्या आधी अख्खी एक पिढी त्याला बघून मोठी झाली होती, आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

तुला एक गंमत सांगतो. पहिल्या मालिकेचं बायबल, म्हणजे लिहिणाऱ्यांसाठी पात्रांची आणि त्यांच्या जगाची माहिती देणारी वही, मायकेल हॅल्परिन यांनी लिहिलं. त्यात दुष्ट जादूगारीण ईव्हिल-लिन ही मुळात पृथ्वीवरून यानातून आलेली शास्त्रज्ञ होती, आडनावासकट. बीस्ट मॅनसुद्धा त्याच यानातला. यातलं काहीही पडद्यावर आलं नाही. बायबलमध्ये जरूर लिही, लिहिणाऱ्याला ते माहीत असलेलं बरंच. तुझी अडीच पानंही तिथे हलव. संहितेत मला कभिन्नची आजची कामाची यादी हवी.

हॅल्परिनच्या बायबलवरून आठवलं, खेळण्यांबरोबर ज्या चिमुकल्या चित्रपुस्तिका यायच्या, त्यातल्या अगदी पहिल्या काढून बघ. त्यात ही-मॅनचं एरवीचं रूप असलेला राजपुत्र अ‍ॅडम नाहीच. ही-मॅन हा जंगलातल्या टोळीतून निघालेला एक लढवय्या, बस्स. अंगात ताकद आहे, मारामारी करतो. अ‍ॅडम त्याला नंतर चिकटवला, आणि कार्टूनवाल्यांनी त्या अ‍ॅडमला घरात बसवून आळशी ठरवलं. संकट आलं की हा गायब होतो. वडील, म्हणजे राजा रँडॉर, सगळ्यांसमोर खंतावतात की याला जबाबदारी कधी कळणार. राजरक्षकांची कप्तान टीला त्याला पळपुटा म्हणून टोचते. खरं काय ते ग्रेस्कलची राखण करणारी चेटकीण, मॅन-अ‍ॅट-आर्म्स हा राजाचा शस्त्रप्रमुख, दरबारी जादूगार ऑर्को आणि त्याचा भित्रा वाघ क्रिंजर एवढ्यांनाच ठाऊक. ग्रहातला सगळ्यात बलवान माणूस रोज रात्री जेवायला बसतो तो वडिलांच्या नजरेत नालायक ठरून. नायक होण्याची काय किंमत तो मोजतो ते इथे दिसतं. तुझी मैना काय मोजते? मला तरी काही सापडलं नाही. तिला बासरी मिळते, बासरीत जादू असते, गाव तिचं कौतुक करतं. तीन पानांत सगळं हिरवंगार.

‘प्रिन्स अ‍ॅडम नो मोअर’ हा भाग मिळवून बघ, आणि वही घेऊन बस. रँडॉर मुलाला इतकं टाकून बोलतात की अ‍ॅडम ठरवतो, पुरे झालं, आता ही-मॅन व्हायचंच नाही, अ‍ॅडम म्हणूनच काय ते करून दाखवायचं. तिकडे आपल्या अड्ड्यातून, स्नेक माउंटनमधून, स्केलेटॉरने बीस्ट मॅनला हाकलून दिलेलं असतं. बीस्ट मॅन म्हणजे केसाळ, आडदांड, डोक्याने जरा मंद असा पंटर. जंगली जनावरं त्याचं ऐकतात, बाकी कोणी ऐकत नाही. हाकलल्यावर तो काय करतो? सूड घेत नाही. दुसरा मालक शोधत नाही. राजाला पळवून आणतो, का, तर स्केलेटॉरने आपल्याला परत घ्यावं म्हणून.

बघ हं, एकाच भागात दोघे जण आपापल्या थोरल्याकडून एक बरा शब्द मिळावा म्हणून धडपडतायत. एक नायक आहे, एक खलनायकाचा नोकर. आणि याच्यावर कडी म्हणजे अ‍ॅडम, ही-मॅन आणि बीस्ट मॅन या तिघांचाही आवाज जॉन अर्विन या एकाच नटाचा! स्केलेटॉरचा चिरका, नाकातला आवाज अ‍ॅलन ओपनहायमरचा, आणि त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या मॅन-अ‍ॅट-आर्म्सचा आणि क्रिंजरचाही त्याचाच. टीला, चेटकीण आणि ईव्हिल-लिन तिघी लिंडा गॅरीच्या गळ्यातल्या. ऑर्को आणि राजा तर स्टुडिओचे एक संस्थापक लू शायमर स्वतः बोलायचे. पैसे वाचवायला केलेली ही तडजोड, दुसरं काही नाही. खेळण्यांमध्येही तसंच, ही-मॅनचं आणि स्केलेटॉरचं धड एकाच साच्यातून निघालेलं. पण डबिंगच्या खोलीत ज्याने एकाच नटाला सज्जन आणि बदमाश करताना ऐकलंय त्याला हे ओळखीचं वाटेल. नट आवाज बदलतो तो शेवटी. आधी समोरच्याशी बोलायची त्याची रीत बदलते.

या मालिकेत भला कोण आणि बुरा कोण ते मुलांना तिथेच कळतं. कवटी आणि पिळदार दंड बघून कळत नाही, कारण दंड दोघांचेही सारखेच आहेत. डाव फसून सगळे परत आले की स्केलेटॉर पहिल्यांदा आपल्याच माणसांवर घसरतो. मूर्ख, केसाळ ठोंब्या, काय वाट्टेल ते. चूक त्याची स्वतःची असली तरी. इकडे ऑर्कोची जादू दर वेळी फसते, राजाच्या अंगावर काहीतरी सांडतं, सगळे कपाळाला हात लावतात आणि जेवायच्या टेबलावर त्याची जागा मात्र तशीच असते. क्रिंजर थरथरत पलंगाखाली शिरतो, त्याला कोणी भ्याड म्हणून घराबाहेर काढत नाही. लहान मुलांना हे फार चटकन कळतं, कारण कोणीतरी थोरलं रागावलंय आणि आता आपलं काय होणार, हा प्रश्न त्यांना रोज पडतो.

आणि तरीही मुलांना स्केलेटॉर आवडायचा. यात तुला नवल वाटायचं कारण नाही, तुझं आजोळ मालवणाकडचं आहे. दशावतारात संकासुर येतो तेव्हा आठव. काळा वेष, बाहेर लोंबणारी लाल जीभ, ब्रह्मदेवाचे वेद चोरलेला राक्षस. पुढे बसलेली पोरं किंचाळतात, आणि तो मालवणीत एक कोटी करतो की तीच पोरं लोळून हसतात. विष्णू येऊन त्याला मारणार हे सगळ्यांना माहीत असतं. तोवर मात्र रंगमंच त्याचा. स्केलेटॉर त्याच जातकुळीतला. तो हरणार हे ठरलेलं, म्हणून लिहिणाऱ्यांनी त्याला हरायच्या आधी भरपूर बोलू दिलं. तुझा कभिन्न एकदाही चेष्टा करत नाही. अंधारात उभा राहून गंभीर वाक्यं टाकतो. पोरं उठून पाणी प्यायला जातील.

1985च्या नाताळात त्यांनी एक विशेष भाग काढला. पृथ्वीवरची दोन मुलं एटर्नियावर येऊन पडतात, त्यांना पकडून हॉर्ड प्राइमकडे, म्हणजे हॉर्डॅकच्याही वरच्या मालकाकडे, न्यायची कामगिरी स्केलेटॉरला मिळते. वाटेत बर्फ. मुलांबरोबर एक यांत्रिक कुत्र्याचं पिल्लू आहे, ते चालू शकत नाही. हा म्हणतो, राहू दे त्याला इथेच. मुलं रडतात. हा चार पावलं पुढे जातो, थांबतो, चिडचिड करत मागे येतो आणि पिल्लाला उचलतो. पिल्लू त्या कवटीला चाटतं. पुढे हा मुलांना नाताळ म्हणजे काय ते विचारतो. मजा करतात, असं ती सांगतात, तर याला वाटतं मजा म्हणजे हाणामारी असणार. शेवटी मुलांना वाचवायला तो थेट हॉर्ड प्राइमवरच मारा करतो, आणि मग घाबरून विचारतो की मला हे काय होतंय. नाताळ वर्षातून एकदाच येतो हे कळल्यावर त्याच्या जिवात जीव येतो.

तो सुधारत नाही, हे लक्षात घे. माफी मागत नाही, भाषण करत नाही. चांगुलपणा त्याला आजारासारखा होतो आणि उतरतो. तुझ्या शेवटच्या पानावर कभिन्न रडतो आणि म्हणतो, ‘मला प्रेम मिळालं असतं तर मी असा झालो नसतो.’ ते वाक्य काढून टाक. ते वाक्य तुझं आहे, त्याचं नाही.

बोधाबद्दलही तुला विचारायचं होतं ना? ही-मॅनच्या प्रत्येक भागाला शेवटी एक पात्र समोर येऊन मुलांना शिकवण द्यायचं. टीकाकारांची तोंडं बंद करायला ते उपयोगी पडलं असेल. तुला वाहिनीने सांगितलं तर तूही शेवटी तीस सेकंदांची शिकवण लिहून दे, भांडू नकोस, पण गोष्टीत ती घुसवू नकोस. ‘द प्रॉब्लेम विथ पॉवर’ या भागात ही-मॅनला वाटतं की आपल्या हातून एक निरपराध माणूस मेला. तो स्केलेटॉरचा डाव असतो, पण याला ते माहीत नाही. हा आपणहून शक्ती सोडतो आणि तलवार ग्रेस्कलपाशी खोल दरीत भिरकावून देतो. ज्या तलवारीच्या प्लॅस्टिकच्या प्रती दुकानात विकायला ठेवल्या होत्या, ती तलवार! त्यानंतर शेवटी कोणी काय शिकवण दिली ते मला आठवतही नाही.

मारामारीचं म्हणशील तर त्यांच्यावर बंधन होतं. ही-मॅन तलवार जिवंत माणसावर चालवायचा नाही. यंत्रमानव फोडायचा, भिंती ढकलायचा, पंटरांना उचलून चिखलात टाकायचा. त्यामुळे लिहिणाऱ्यांना दर वेळी काहीतरी डोकं चालवावं लागे. तुझ्या तिसऱ्या अंकातली लढाई सात पानांची आहे आणि त्यात फक्त बासरी आणि विजा आहेत. मैनाला बासरी वाजवायची बंदी घाल आणि मग बघ ती काय करते.

आता काम. पूर्ण संहिता पुन्हा लिहायला बसू नकोस, दमशील. सातव्या पानावरचा प्रसंग फक्त घे. घुबड चिटणीस येऊन सांगतो की झऱ्याची शिळा चुकीची निघाली. सध्या कभिन्न नुसता हसतो. ती शिळा कुठली आणायची हे रात्री कोणी ठरवलं होतं? कभिन्ननेच ना? मग तो चिटणिसाला काय बोलतो, आणि चिटणीस ते ऐकून घेताना हातातल्या टाकाचं काय करतो, एवढंच लिही. दीड पान पुरे. पुढच्या सोमवारी मी मुंबईत आहे, त्याच्या आधी पाठवलंस तर येताना वाचून आणेन.

काका