‘मी कुठेच पुरा पडत नाही’ असे सतत वाटते. ख्रिस्ती श्रद्धेचा यात काय उपयोग?

बायबलमध्ये देवाने मोशेला इजिप्तच्या राजाकडे, फारोकडे पाठवले, तेव्हा त्याने आपली जीभ जड असल्याची सबब सांगितली. देवाने ती जीभ बदलली नाही, सोबतीला त्याचा भाऊ अहरोन दिला, आणि मला तरी यातच खरे उत्तर दिसते. प्रेषित पौलानेही ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून 3 वेळा विनवणी केली. त्याला सुटका नव्हे, कृपा मिळाली. म्हणून उणीव लपवू नका. प्रार्थनेत तिचे नाव घ्या आणि मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका विश्वासू माणसाला ती सांगा. दुबळ्या वाटणाऱ्या माणसालाही देव उभा करतो, याचे उदाहरण जवळच आहे: आपल्या नाशिकच्या शरणपुरात शिकलेला, गुलामगिरीतून सुटलेला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीला खांदा देत लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये गेला होता. शरणपूर रोडच्या सिग्नलला थांबलो की तो हमखास आठवतो.