40 हजारांत टॅब की टीव्ही? द्विशिक्षकी शाळेतल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिली ते चौथी, पट 27, शिक्षक दोन. गावाने यात्रेत 40 हजारांची लोकवर्गणी जमवून दिलीय आणि सरपंचांचा आग्रह आहे की टॅब घ्या, मुलांच्या हातात टॅब असले की फोटो झकास येतो. टॅब घेऊ की टीव्ही, मराठीतलं फुकट काय मिळेल आणि या कामातून शिक्षकाला पुढे काही संधी आहेत का, असं तुम्ही विचारलंय. मी 21 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत आहे, त्यातली बरीचशी नाशिक जिल्ह्यातल्या कळवण-बागलाणच्या बाजूला. या सगळ्यात एकेकदा तोंडावर आपटून झालंय, म्हणून जरा लांब लिहितो.

टॅब घेऊ नका.

आमच्याकडे एका देणगीदाराने 8 टॅब दिले होते. 8 चार्जर आणि वर्गात एक बोर्ड. परिपाठ होईपर्यंत दोन टॅब चार्ज व्हायचे, बाकीचे दुपारी. दोन वर्ग एकत्र घेऊन बसलेल्या शिक्षकाने पाढे घ्यायचे की कुणाचा टॅब कुठे अडकला ते बघायचं? तेही जमवलं असतं, पण आतला सगळा अभ्यासक्रम एका कंपनीच्या अ‍ॅपमध्ये कुलूपबंद. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचे पैसे मागितले, तिसऱ्या वर्षी फोन उचलणंच बंद. टॅब ठणठणीत, आतलं दुकान बंद. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उघडले तर तीन टॅबच्या बॅटऱ्या फुगलेल्या.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. जे साहित्य फाइल म्हणून माझ्या पेनड्राइव्हवर येतं, ते माझं. बाकीचं उसनं. उसनं वापरायला हरकत नाही, पण त्यावर वर्षाचं नियोजन बांधू नका. अ‍ॅडोबीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश बंद केलं आणि त्यावर बनवलेलं कितीतरी शैक्षणिक साहित्य ब्राउझरमध्ये चालेनासं झालं. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा 2024 च्या अखेरीस गेला. ज्या स्काइपवरून आमची मुलं दुसऱ्या राज्यातल्या शाळेशी मोडक्या हिंदीत गप्पा मारायची, तो मे 2025 मध्ये बंद झाला. या कंपन्या काही भुरट्या नव्हत्या, तरी हे झालं.

तर 43 इंची टीव्ही घ्या, साधारण 25 हजारांत बसतो. प्रोजेक्टरच्या नादी लागू नका. पत्र्याच्या वर्गात कवडसे इतके येतात की दुपारी बारा वाजता पडद्यावर भुताची सावली दिसावी तसं चित्र दिसतं. उरलेल्या पैशात स्टॅबिलायझर, एचडीएमआय केबल आणि जुना वापरलेला लॅपटॉप. लॅपटॉप हवाच, कारण टीव्हीला पेनड्राइव्ह लावून व्हिडिओ दिसतो, पण मुलांना हाताने हलवून बघायच्या गोष्टी तिथे चालत नाहीत. टीव्हीला पुढून कडी-कुलूप लागेल अशी लोखंडी पेटी गावातल्या वेल्डरकडून करून घ्या. चोरीपेक्षा आमच्याकडे उंदरांनी जास्त नुकसान केलं, त्यामुळे वायर पेटीच्या आत घ्या.

आता साहित्य. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ तुम्हाला माहीत असतीलच, त्या आधी उतरवून घ्या. टीव्हीवर पाठातलं चित्र मोठं करून दाखवलं तरी अर्धा तास वर्ग बोलता होतो. ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीने फुकट उपलब्ध केलेत. चौथीच्या वाचनासाठी याहून चांगलं मला तरी सापडलेलं नाही. सरकारचं दीक्षा अ‍ॅप (2017 च्या शिक्षक दिनापासून सुरू) पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून उघडतं. त्यातले काही व्हिडिओ उत्तम आहेत, काहींत नुसतं पुस्तक वाचून दाखवलंय. आधी घरी बघा, मगच वर्गात लावा.

माझं सगळ्यात लाडकं साधन म्हणजे फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. गणित-विज्ञानाच्या हलत्या प्रतिकृती, बऱ्याचशा मराठीतही. एकेक प्रतिकृती छोट्या फाइलच्या रूपात उतरवता येते आणि नेट नसताना ब्राउझरमध्ये उघडते. चौथीत अपूर्णांक शिकवताना एक पोरगा हटून बसला होता की 1/4 हा 1/3 पेक्षा मोठाच, कारण 4 मोठा. भाकरी मोडून दाखवली, तरी त्याला वाटलं सरांनी तुकडे लहान-मोठे केले. मग फेटमधला अपूर्णांक उघडला आणि माउस त्याच्याच हातात दिला. छेद वाढवत गेला तसा तुकडा बारीक होत गेला. चार-पाच वेळा खालीवर केलं आणि जागेवर जाऊन बसला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो शेजारच्याला समजावत होता. हे व्हिडिओने झालं नसतं. व्हिडिओत छेद वाढवणारा दुसराच कुणीतरी असतो.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. 2015 पासून सुरू आहे, मराठी गोष्टी भरपूर, वाचनपातळीनुसार लावलेल्या. मुख्य म्हणजे परवाना खुला आहे. श्रेय देऊन गोष्ट छापा, वाटा, आपल्या बोलीत करा, सगळी मुभा. आम्ही पहिलीसाठी काही गोष्टी अहिराणीत केल्या, त्याही आज्यांना शाळेत बोलावून. आमचं भाषांतर वाचून आज्या इतक्या हसल्या की निम्मं पुन्हा लिहावं लागलं. लॉकडाउनमध्ये गूगलचं वाचन ऐकणारं अ‍ॅपही वापरून बघितलं होतं. घरी एकट्या वाचणाऱ्या मुलाला ते बरं, पण 25 जणांच्या गलक्यात ते काय ऐकणार, आणि आमच्या मुलांच्या हेलाला तर ते सारखं अडखळायचं.

अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळाला तंत्रज्ञान म्हणावं की नाही माहीत नाही, पण टाकाऊतून खेळणी आणि शेकडो पुस्तकं तिथे फुकट आहेत, मराठीही. टीव्हीवर खेळणं दाखवा, टीव्ही बंद करा, खेळणं बनवा. शेवटचा भाग विसरू नका.

तुमच्या स्वतःच्या शिक्षणासाठी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा. साधारण 10-10 मिनिटांचे पाठ, बरेच मराठीत, आणि उतरवून घेता येतात. लिबरऑफिस हे फुकट ऑफिस सॉफ्टवेअर मी तिथूनच शिकलो. हल्ली एआयकडून स्वाध्यायपत्रिका करून घेतात, मीही घेतो. पण त्याचं मराठी दिसतं गुळगुळीत आणि शाब्दिक उदाहरणं कधीकधी चुकलेली असतात. छापण्याआधी प्रत्येक गणित स्वतः सोडवा. आणि मुलांची नावं, फोटो कुठल्याही अ‍ॅपमध्ये भरू नका. सरपंच रागावले तरी.

संधींबद्दल. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन प्रमाणपत्रांचा पाऊस पडला. माझ्याकडेही एक फाइल भरून आहेत आणि आजवर ती कुणी उघडलेली नाही. निष्ठा हे शिक्षकांचं सरकारी प्रशिक्षण सेवेत असल्यामुळे करावंच लागतं, पण त्यातला पायाभूत साक्षरतेचा भाग खरोखर उपयोगी आहे. स्वतःहून करायचं तर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नवोपक्रम स्पर्धेत भाग घ्या. तिथे चकचकीत फोटोंपेक्षा पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि मधे काय केलं याची नोंद लागते. त्यासाठी जूनपासून वहीत तारखेनिशी लिहायला हवं, फेब्रुवारीत आठवून लिहिलेला अहवाल लगेच कळतो. पुढे शिक्षकांसाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा राष्ट्रीय आयसीटी (माहिती-तंत्रज्ञान) पुरस्कार आहे, त्याचं काम एनसीईआरटीची सीआयईटी ही संस्था बघते, तिथेही हीच वही कामाला येते.

पुरस्काराचा विषय निघाला की सगळे डिसले गुरुजींचं नाव घेतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, 10 लाख डॉलर, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या 9 शिक्षकांना वाटली. लोकांच्या लक्षात त्यांनी पुस्तकांत आणलेला क्यूआर कोड राहिला. पण वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकाची वेगळी, ही अडचण त्यांनी आधी हेरली, स्वतः कन्नड शिकले. कोड त्यानंतर आला. तुम्हीही टीव्ही घेण्याआधी चारही इयत्तांतले मुलं हमखास अडतात असे पाच-सहा पाठ कागदावर काढा आणि पहिल्या वर्षी तेवढ्याचंच साहित्य जमवा. 64 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. एक व्यवहाराची गोष्ट, जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही. पेनड्राइव्ह खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडू नका, मी भांडलोय.

आणि ताई, दुकानात जाण्याआधी शाळेचं मीटर चालू आहे का आणि थकबाकी किती आहे ते बघा. आमचा टीव्ही भिंतीवर चढला त्याच महिन्यात वीज तोडली गेली. पाच महिने त्याच्यावर चादर होती आणि मुलं येणाऱ्या प्रत्येकाला ती उचलून दाखवायची. ग्रामपंचायत बिल भरेल असा ठराव ग्रामसभेत लिहून घ्या, तोंडी नको. वर्गणी देणारे सगळे त्या सभेला असतील, तेव्हाच.