डीमिक्समध्ये पीरियड बदलूनही आवाज उशिराच येत असेल तर

तुम्ही लिहिलंय की लिनक्सवर डीमिक्समधून (अनेक प्रोग्रॅमचे आवाज मिसळून एका साउंड कार्डाला देणारी सोय) वाजवताना मिडी कीबोर्डची पट्टी दाबल्यावर आवाज मागून येतो, आणि पीरियड साईझ (कार्डाला एका वेळी दिला जाणारा आवाजाचा तुकडा) १०२४ वरून १२८ केली तरी काडीचा फरक पडला नाही. ते वाचून मला माझे वाया गेलेले दोन महिने आठवले. आकडा फार लहान झाला तर आवाज तडतडतो, तुटतो, काहीतरी होतंच. काहीच होत नाही याचा अर्थ, तुमचा आकडा बहुतेक कार्डापर्यंत पोचलेलाच नाही.

माझ्याकडे लॅपटॉपवर सकाळी तानपुऱ्याचा प्रोग्रॅम लावला की रात्रीपर्यंत चालू असायचा, तोही डीमिक्समधूनच. डीमिक्समध्ये जो प्रोग्रॅम पहिल्यांदा कार्ड उघडतो, त्याच्या वेळी बफर (असे काही पीरियड मिळून आवाज साठवायची जागा) आणि पीरियड ठरतात. मागून येणाऱ्यांना तेच माप मिळतं. मी रोज असाउंडआरसी (आवाजाच्या सेटिंगची फाईल) बदलायचो, सिंथ (कीबोर्डचा आवाज काढणारा प्रोग्रॅम) बंद करून पुन्हा उघडायचो, पण तानपुरा एकदाही थांबवला नाही. मध्ये एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. लिनक्सचं नाव ऐकताच, काही न तपासता, 'साउंड चिप गेली' म्हणाले आणि यूएसबी कार्ड गळ्यात मारलं. त्याचा राग अजून आहे. नव्या कार्डावरही आधी तानपुरा, मग सिंथ, उशीर तसाच.

शेवटी उलगडा झाला तो आवाज चालू असताना /प्रॉक/असाउंड/कार्ड०/पीसीएम०पी/सब०/एचडब्ल्यू_पॅराम्स ही फाईल वाचली तेव्हा (तुमचा कार्ड नंबर वेगळा असेल). असाउंडआरसीत १२८, इथे पीरियड १०२४ आणि बफर ४०९६. ४८००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८००० नमुन्यांना, तो बफर ८५ मिलिसेकंदांचा होतो. आधी सगळे प्रोग्रॅम बंद करा, ही फाईल 'क्लोज्ड' दाखवते का पाहा, मगच नवा आकडा तपासा. 'क्लोज्ड' येत नसेल तर फ्यूझर कमांड /डेव्ह/एसएनडी/* वर चालवा, कार्ड कोणी धरलंय ते कळेल. पाइपवायर (सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज हाताळणारा साउंड सर्व्हर) असेल तर बहुधा त्यानेच धरलेलं असेल. मग असाउंडआरसीत खटपट करण्यात अर्थ नाही, त्याचं सेटिंग वेगळीकडे असतं.

आणि माझं स्पष्ट मत: वाजवायचं असेल तर डीमिक्स सोडा, जॅक (कमी उशिरासाठीचा साउंड सर्व्हर) थेट कार्डावर लावा. माझ्या यूएसबी कार्डाला १२८ चे ३ पीरियड, म्हणजे ८ मिलिसेकंद, मानवले. २ ठेवले की तडतडायचं. तुमच्या मशीनवर कदाचित २५६ लागतील.

बंद करून पाहिल्यावर त्या फाईलमधल्या ओळी इथे टाका, बघतो.