मेसेज आला म्हणून लस घ्यायची का?

वाचकांचे प्रश्न : फेब्रुवारी २०२२ (लस, विलगीकरण आणि लोकल पासचे नियम तेव्हाचे)

जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईत दिवसाला कोविडचे वीस हजारांहून जास्त रुग्ण सापडत होते. ती मंडळी आता घरोघरी बरी होऊन बसली आहेत आणि त्यांच्या मोबाइलवर कोविनचे (लसीच्या नोंदणीची सरकारी यंत्रणा) लस घेण्याचे मेसेज येऊ लागले आहेत. साहजिकच या महिन्याच्या टपालात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे: कोविड होऊन गेल्यावर लस कधी घ्यायची?

सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेह आहे. कोविशिल्डचा दुसरा डोस १० मे २०२१ ला झाला. ८ जानेवारीला आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आली, घरीच बऱ्या झाल्या. आता प्रिकॉशन डोसचा, म्हणजे तिसऱ्या डोसचा, मेसेज आलाय. घेऊन टाकू का? (दादर)

आत्ता नको. कोविन फक्त आधीच्या डोसची तारीख बघतं. प्रिकॉशन डोस दुसऱ्या डोसनंतर ३९ आठवड्यांनी. १० मेपासून ते ७ फेब्रुवारीला भरले, मेसेज सुटला. मध्ये कोविड होऊन गेला याची त्याला खबर नाही आणि तुम्ही सांगितल्याशिवाय केंद्रावरच्या सिस्टरनाही कळणार नाही. म्हणून तारीख घरीच काढायची.

करोनातून बरं झाल्यावर तीन महिने थांबा, हे केंद्र सरकारने १९ मे २०२१ लाच सांगितलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये ते प्रिकॉशन डोसलाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. मोजणी पॉझिटिव्ह आल्याच्या दिवसापासून करायची नाही, बरं झाल्याच्या दिवसापासून करायची. गोंधळ नेमका इथेच होतो. जानेवारी २०२२ च्या नियमाप्रमाणे घरी विलगीकरणातला रुग्ण पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस उलटले आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नसला की बरा धरतात. निगेटिव्ह रिपोर्टची गरज नाही. सासूबाईंना शेवटचे तीन दिवस ताप नसेल, तर त्या १५ जानेवारीला बऱ्या झाल्या. म्हणजे डोस १५ एप्रिल किंवा त्यानंतर. डोसच्या अंतराची आणि कोविडनंतरची अशा दोन तारखा येतात तेव्हा उशिराची धरायची, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

डोस कोविशिल्डचाच मिळेल. मधुमेहासाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट न्यावं लागत नाही. पण जाण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

पहिला कोविशिल्ड १८ ऑक्टोबरला घेतला. दुसरा १० जानेवारीला होता, पण ६ तारखेलाच पॉझिटिव्ह आलो. दोन डोस नाहीत म्हणून लोकलचा पास नाही, डोंबिवलीहून रोज बसने येतोय. कोविड झाल्याचं न सांगता डोस घेतला तर काय बिघडेल? आणि इतका उशीर झाल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का? (फोर्टमध्ये नोकरी)

दुसऱ्या शंकेचं आधी. नाही, पहिला डोस वाया जात नाही. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर म्हणजे त्याआधी घ्यायचा नाही, इतकंच. पुढे कितीही लांबलं तरी पुढचा डोस हा दुसराच.

लपवून घेतल्याने सहसा मोठा धोका होत नाही. मग तीन महिने कशासाठी? नुकत्याच झालेल्या संसर्गाने अँटीबॉडी आधीच चढलेल्या असतात. त्या भरात लस टोचली तर शरीराला त्यातून नवं फारसं शिकायला मिळत नाही. अंतर ठेवलं की आठवण ठेवणाऱ्या पेशी तयार होतात आणि तोच डोस जास्त कामाला येतो. मे २०२१ मध्ये कोविशिल्डचं अंतर १२ ते १६ आठवडे केलं, त्यामागेही हाच विचार होता. शिवाय कोविड झालेल्यांना लसीनंतर ताप, अंगदुखी जरा जास्त होते.

तेव्हा ६ जानेवारी धरून हिशोब करा: १३ जानेवारीला बरे, १३ एप्रिलला डोस, त्यानंतर १४ दिवस गेले की २७ एप्रिलला पास. बसचा वैताग आम्हाला कळतो, पण यातून पळवाट नाही.

एक मात्र आत्ताच तपासा. दुसऱ्या डोसला तोच मोबाइल नंबर आणि तेच ओळखपत्र न्या जे पहिल्याला दिलं होतं. पहिल्याला आधार आणि दुसऱ्याला भावाच्या नंबरवर पॅनकार्ड, असं झालं की कोविन तुम्हाला नवीन माणूस समजतं आणि हातात पहिल्या डोसची दोन सर्टिफिकेटं येतात. त्यावर पास मिळत नाही. असं झालंच असेल तर कोविनवर लॉगिन करून ‘रेझ अ‍ॅन इश्यू’ मध्ये दोन्ही सर्टिफिकेटं जोडण्याचा पर्याय आहे.

मुलगा दहावीत. कोव्हॅक्सिनचा पहिला डोस ५ जानेवारीला. १४ तारखेला घरच्या किटवर पॉझिटिव्ह आला, लॅबमध्ये नेलं नाही. हे धरायचं का? (मुलुंड)

धरायचं. घरच्या किटवर पॉझिटिव्ह आलं तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) नियमाने तो पॉझिटिव्हच. पुन्हा आरटीपीसीआर लागत नाही. (लक्षणं असून किट निगेटिव्ह दाखवतं तेव्हा मात्र आरटीपीसीआर करायची असते.) २८ दिवसांनी, २ फेब्रुवारीला येणारा दुसरा डोस आता २१ एप्रिलनंतर द्या. परीक्षा १५ मार्चला सुरू होतेय, ४ एप्रिलला संपतेय. लसीचा ताप पेपरात आडवा येणार नाही, हेही बरंच झालं.

घरात चौघे पॉझिटिव्ह. मला फक्त घसा आणि दोन दिवस ताप, टेस्ट केलीच नाही. मीही थांबू का? (गिरगाव)

तीन महिने थांबणं हे टेस्टने नक्की झालेल्यांसाठी. ताप, खोकला पूर्ण गेला की घ्या. लसीआधी रॅपिड टेस्ट करून घ्यायचीही गरज नाही.

अँटीबॉडी भरपूर आल्या आहेत, मग लस कशाला? (विलेपार्ले)

अमुक आकड्याच्या वर सुरक्षित, अशी रेषा कोणी आखलेली नाही. शिवाय किट काय मोजतं तेही बघा. कोविशिल्ड फक्त स्पाइक या विषाणूच्या बाहेरच्या काट्यांसारख्या प्रथिनाच्या अँटीबॉडी तयार करते. कोव्हॅक्सिन अख्ख्या निष्क्रिय विषाणूची असल्याने न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनाच्याही अँटीबॉडी दिसू शकतात. म्हणजे आकडा लसीवर आणि किटवरही अवलंबून. तेव्हा तो रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा आणि तीन महिने भरले की जा.

थोडक्यात काही उत्तरं

हॉस्पिटलात कोविडवर मोनोक्लोनल अँटीबॉडी (प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटीबॉडी) किंवा बऱ्या झालेल्या रुग्णाचा प्लाझ्मा दिला असेल तर तीन महिने डिस्चार्जपासून. कोविड सोडून दुसऱ्या गंभीर आजाराने आयसीयूत होते, तर ४ ते ८ आठवडे. रक्तदान लसीनंतर १४ दिवसांनी. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला लस चालते, दूध थांबवायचं नाही.

कोविडनंतर रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. टोचणाऱ्याला आधी सांगा. बारीक सुई घेतील. नंतर जागा दोन मिनिटं घट्ट दाबून धरा, चोळू नका. चोळलं की दंडावर निळा डाग उठतो आणि माणूस घाबरतो.

आणि थांबण्याच्या काळात पुन्हा पॉझिटिव्ह आलात (करोनाच्या ओमायक्रॉन या प्रकारात असं होतंय), तर मोजणी त्या दुसऱ्या आजारातून बरं झाल्यापासून नव्याने.